लोमा मागितल्याशिवाय चहा नाही

भास्करमामांच्या घरी चहा हवा असेल तर 'चहा' म्हणायचं नाही, 'लोमा' म्हणायचं. तसं नाही म्हटलं तर मामा समोर बसून तुमच्याकडे प्रेमाने बघत राहतात, पण गॅस पेटवत नाहीत. शिरूरच्या आमच्या मिशन कंपाउंडात दूधवाल्यापासून पाळकसाहेबांपर्यंत सगळे आता मुकाट्याने लोमा मागतात.

मामा सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. रिटायर झाले आणि विज्ञानकथा लिहायला बसले. कथेत परग्रहावरचं यान दौंड तालुक्यात, राहूच्या उसात उतरतं. राहूलाच का, असं विचारलं तर म्हणाले, "गावाचं नावच ग्रहाचं. पाव्हण्यांना परकं वाटाया नगं."

पण कथा पहिल्याच पानावर अडली आहे. यानाचं दार उघडलंय, पाहुणे पायरीवर ताटकळलेत आणि मामा त्यांना उतरू देत नाहीत. कारण त्यांच्यासाठी रचलेली भाषा अजून पास झालेली नाही. मला म्हणतात, "सर, येकट्यानं बोलली तर ती बडबड. समोरून कुनी आपनहून बोललं, की मग ती भाषा. तवर पाव्हणे तिथंच."

मामांची बायको, रूथमामी, खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. पूर्वी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मामी दिसल्या की वांगीवाल्या बायका सावरून बसायच्या. घासाघिशीत मामींचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मामांजवळ थोडेफार आवाज काढतात म्हणे, पण लोकांसमोर ओठ घट्ट मिटलेले. आम्हीही असे शहाणे, की मामी समोर असताना मामांनाच विचारतो, "मामी कशा आहेत?"

भाषेची पहिली परीक्षा मामांनी त्याच बाजारात घेतली. "जिच्यात भाव करता येत न्हाई, ती भाषा कसली?" वांग्यांच्या ढिगापुढे उभे राहून ते गरजले, "नोमो! नोमो!" म्हणजे कमी करा. बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "भैय्या, लेना है तो लो, नहीं तो आगे चलो." कंपन्या आल्यापासून आमच्याकडे जे कळत नाही त्याला हिंदीत उत्तर द्यायची पद्धत आहे. दुसरा कोणी चिडला असता. मामा पेढे घेऊन आले. "मला भैय्या म्हनली! म्हंजी ही कुठली तरी भाषा हाय, येवढं पटलं तिला. निम्मा पेपर सुटला की!"

मी पडलो मराठीचा मास्तर. एकदा न राहवून म्हणालो, "मामा, यान बांधण्याइतके पुढारलेले लोक आणि भाषेत आवाज पाचच? आ, ओ, म, न, ल. एखादा क तरी द्या बिचाऱ्यांना."

एरवी माझं ऐकून घेणारे मामा ताडकन उठले. "क न्हाई मिळायचा! र बी न्हाई! हाय तेवढ्यातच समदं बसवायचंय." त्या दिवशी मला लोमा मागूनही मिळाला नाही.

परवा संध्याकाळी गेलो तेव्हा मामा आत भांडी घासत होते. मी खुर्चीत टेकलो आणि सवयीने मोबाइल काढला.

"लोमा?"

आवाज खिडकीकडून आला होता. मामी माझ्याकडेच बघत होत्या. ओठ एका बाजूला ओढला जात होता, पण शब्द अगदी स्वच्छ. मी गडबडून "लोमा" म्हणालो. मामींनी माझ्यावर बोट रोखलं, चिमटीने साखर टाकल्याची खूण केली आणि दटावलं, "नोमो!" मला मधुमेह निघाला तेव्हा साखरेवरून सगळ्यांत जास्त मामीच रागावल्या होत्या. सगळं त्यांच्या लक्षात होतं. झटक्यानंतर त्यांच्या तोंडात जे आवाज उरले होते, त्यांतूनच मामांनी एक अख्खा ग्रह बोलता केला होता. मी त्यात क मागत होतो!

आतली भांडी थांबली. मामा ओल्या हातांनी दारात आले. "कोन बोललं?"

"मामी. माझ्या चहात साखर कमी घाला म्हणतायत."

मामांनी दोघांकडे बघितलं आणि गॅस पेटवायला गेले.

लोमा आला. गडबडीत मामांनी एकाही कपात साखर घातली नव्हती. मामींनी एक घोट घेतला, कप आदळला आणि त्या पाच आवाजांत नवऱ्याला असं काही सुनावलं, की बाजारातल्या वांगीवाल्या पाट्या टाकून पळाल्या असत्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"छापन्यासारखं न्हाई, सर." मामा बाहीने डोळे पुसत हसत होते. "पन पाव्हणे उतरले बरं का!"