दोन मेणबत्त्या आणि एक मंडळ

“राडोयका, दोन गोष्टी सांगतो, तेवढ्या कर. मंडळ विझू द्यायचं नाही. आणि तिहोमिरशी बोलायचं.”

मंडळ उभं करणाऱ्या प्राध्यापक देसिमिरांनी इस्पितळातल्या खाटेवरून हे सांगितलं, तेव्हा डॉ. राडोयकाने दोन्हींना ‘हो’ म्हटलं होतं. पहिल्या गोष्टीसाठी ती आज आयनित वायू संशोधन मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी होती. दुसरीला अजून मुहूर्त लागला नव्हता, कारण तिच्याविरुद्ध उभा होता तो तिहोमिरच. एका शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी घालायचं यावरून दोघांचं जे बिनसलं, ते निबंध जुना झाला तरी नवंच राहिलं होतं.

मंडळ तसं लहान. काचेच्या नळीत वायू भरायचा, वीज सोडायची आणि तो कसा उजळतो ते आयुष्यभर पाहत बसायचं, अशी माणसं सर्बियातल्या निश शहरात असून असून किती असणार? गेल्या दोन्ही वर्षी निम्मे सभासदसुद्धा सभेला जमले नव्हते. यंदाही तसंच झालं असतं तर मंडळ मोठ्या संघात विरघळलं असतं आणि देसिमिरांनी स्वतः फुंकून घडवलेली गुलाबी उजेडाची नळी अडगळीत गेली असती.

सभेची तारीख चिटणीस आर्पाडने ठरवली होती. तो सुबोटित्साचा, हंगेरियन. सभागृह कधी रिकामं आहे एवढंच त्याने पाहिलं. सभागृह नेमकं संत निकोलाच्या दिवशी रिकामं होतं. ते का रिकामं आहे, हा विचार त्याला शिवला नाही.

राडोयकाच्या घराण्याचा संत निकोलाच. तिहोमिरच्याही. म्हणजे दोघांच्याही घरी त्याच दिवशी स्लावा, सर्बांचा कुलसंताचा सण. तारीख वाचून राडोयका म्हणाली, “हरकत त्यालाच घेऊ दे. मी घेतली तर घाबरली म्हणतील.” तिहोमिरही आपल्या बायकोला अगदी हेच म्हणाला होता.

सकाळी पाद्रीबाबा येऊन गेले, पाव कापला, मेणबत्ती लावली. राडोयकाने हात जोडले. “तुझ्याच कृपेने घर भरलंय. आता सभागृहही भर,” एवढंच मागितलं. नाताळाआधीच्या उपवासाचे, मांस-दूध वर्ज्य असलेले दिवस म्हणून भाजलेला कार्प मासा, भट्टीतला राजमा आणि साखर-अक्रोड घातलेले गहू. संध्याकाळी पाचला सभा. साडेचारला हळूच निघायचं, असा तिचा बेत.

दुपारी पहिल्या आल्या त्या ल्युबिंकाबाई, मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. पाठोपाठ आणखी चार सभासद.

“अहो बाई, सभा आहे ना आज?”

“आहे की! इथूनच जाऊ सगळे मिळून. मासा छान झालाय गं. पण जरा आवर, मला तिहोमिरकडेही जायचंय.”

“तिकडे कशाला?”

“अगं, नुसती तुझ्याकडे जेवले तर तो म्हणेल, ल्युबिंका राडोयकाच्या गोटात गेली. नुसती त्याच्याकडे गेले तर तू म्हणशील. या वयात मला हे नको.”

ही अक्कल एकट्या ल्युबिंकाबाईंना नव्हती, सगळ्याच सभासदांना होती. स्लावाला कुणी कुणाला बोलवत नाही. दार उघडं असतं, आलेल्याला परत पाठवलं तर पाप लागतं. त्यामुळे आपण तटस्थ आहोत हे दाखवायला सगळं मंडळ नदीच्या या काठावर राडोयकाकडे जेवून त्या काठावर तिहोमिरकडे जेवायला निघालं होतं, आणि त्या काठावरचं या काठावर येत होतं. साडेचार कधी वाजले, राडोयकाला कळलंही नाही. पाच वाजता फोन वाजला.

“मॅडम, आर्पाड बोलतोय. सभागृहात मी एकटाच आहे.”

“पोकळी चांगली जमलीय म्हणायची!” मागून कुणीतरी म्हणालं आणि टेबलावर हशा पिकला. आर्पाड हसला नाही.

“मॅडम, मी पेटी घेऊन तुमच्याकडे येतो.”

पंपाच्या खोक्याला भोक पाडून केलेली मतपेटी काखेत मारून तो आला, तोवर ल्युबिंकाबाईंची टोळी तिहोमिरकडे गेलेली. तो तिकडे धावला, तर तिथली मंडळी इकडे आली. आता तो पुन्हा राडोयकाच्या जिन्यात धापा टाकत उभा होता.

“एका जागी निम्मे सभासद आणि दोन्ही उमेदवार लागतात. आजच. घर कुणाचं ते ठरवा.”

“माझी मेणबत्ती पेटलीय, आर्पाड. यजमानीण कशी घर सोडेल? त्यांना म्हणावं, तुम्ही इकडे या.”

“त्यांनीही मला हेच सांगितलंय, मेणबत्तीसकट.” आर्पाडने पेटी पायरीवर ठेवली. “मग दोन मेणबत्त्यांपायी मंडळ बुडालं, असं लिहितो इतिवृत्तात.”

तो खाली निघून गेला. राडोयका ज्योतीकडे पाहत राहिली. विझू द्यायचं नाही, असं सांगितलं होतं. पण काय, मेणबत्ती की मंडळ?

“स्टाना,” तिने बहिणीला हाक मारली, “मेणबत्तीकडे बघ.”

“ताई, तू निघालीस कुठे?”

“तिहोमिरच्या स्लावाला. आमंत्रण थोडंच लागतं!”

पाहुणे हातातले चमचे ठेवून उठले. कुणी अक्रोडाची पोळी खिशात कोंबली, कुणी आलुबुखाराच्या दारूची बाटली काखेत घेतली. आर्पाडला वाटेत गाठून वरात निशावा नदीच्या पुलावर आली, तर समोरून दुसरी वरात येत होती. सगळ्यांत पुढे, टोपी कानावर ओढलेला तिहोमिर.

दोघं समोरासमोर उभी राहिली.

“आर्पाड,” तिहोमिर म्हणाला, “डॉक्टरबाईंना विचार, कुठे निघाल्यात?”

“त्यांना सांग, ते निघालेत तिथेच. उलट्या दिशेने.”

“मला कशाला मध्ये घालता?” आर्पाड कडाडला. मग त्याने भोवती नजर फिरवली, ओठातल्या ओठात मोजलं आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे! गणपूर्ती झाली! हलू नका कुणी! सभा सुरू!”

वारा बोचत होता. दिव्याखाली एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सभासदांनी मतं लिहिली. आर्पाडने पहिली चिठ्ठी उघडली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“आर्पाड. ही बाद.” दुसरी उघडली. “आर्पाड. हीसुद्धा बाद. थट्टा करू नका हो, बोटं गोठलीत माझी!”

“बाद कशी?” ल्युबिंकाबाई म्हणाल्या. “कुठल्याही सभासदाचं नाव चालतं. घटना तूच टाइप केलीस ना?”

“पण मी कशाला?”

“काय करणार बाबा! दोघांचंही मीठ पोटात आहे. एकाला मत दिलं तर दुसऱ्याचा मासा आतून बोलतो. ज्याच्याकडे नाही जेवलो असा तू एकच उरलास. तू तरी जेवलास का कुठे?”

आर्पाड घुटमळला. “मला कोण बोलावणार?”

“स्लावाला बोलवत नाहीत रे!”

“पहिल्यांदा तरी बोलवतात ना? मग पुढे जायचं असतं. मला ते पहिल्यांदाच अजून झालेलं नाही.”

इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी बोलावलंच असेल. तिहोमिरने शेजारच्याच्या काखेतली बाटली ओढून त्याच्या हातात दिली. राडोयकाने कुणाच्या तरी खिशातून पोळी काढून दिली.

तोंडात पोळी कोंबूनच नव्या अध्यक्षांनी उरलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्या आर्पाडच्या. शेवटच्या दोन तेवढ्या वेगळ्या. एकीवर तिहोमिर, दुसरीवर राडोयका. दुसरीवरचं ते डावीकडे कललेलं अक्षर राडोयकाला झोपेतही ओळखू आलं असतं. तिने वर पाहिलं. तिहोमिर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीकडे पाहत होता.

“अध्यक्षांचा पहिला हुकूम,” आर्पाड घास गिळत म्हणाला. “यापुढे तुमचे निरोप मी पोचवणार नाही.”

घरी आली तर स्टानाने मेणबत्ती जपून तेवत ठेवली होती. राडोयकाने क्रूस केला. हरल्याबद्दल संताचे आभार मानायची ही तिची पहिलीच वेळ, पण आभार मनापासूनचे होते. मग वाइनच्या थेंबांनी तिने ज्योत शांत केली.

स्लावाला दुसरा दिवसही असतो. सकाळी तिने वाडग्यात उरलेले गहू काढले, वर अक्रोड नीट लावले, पांढऱ्या रुमालाने झाकले.

“ताई, कुठे?”

“हे जरा पलीकडे देऊन येते,” ती म्हणाली आणि वाडगा दोन्ही हातांत धरून, काय बोलायचं ते मनाशी घोळवत, पुलाच्या दिशेने चालू लागली.