कांबळेमामांची दोन गावं

लोडशेडिंग संपून लाईट आली की आमच्या इमारतीत कुणी पाण्याची मोटर लावायचं, कुणी पंखा. वरच्या मजल्यावरचे कांबळेमामा मात्र टीव्हीसमोर हात जोडून उभे राहायचे आणि एका बेडकाची माफी मागायचे.

"साहेब, मी न्हाई बंद केलं वो. लाईट गेलती. हवं तर खालच्या बाईंना इचारा."

खालच्या बाई म्हणजे मी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. बेडकापुढे साक्ष देण्याइतकी माझी पत कधी घसरेल असं वाटलं नव्हतं, पण ती घसरली.

मामा शहर बसचे कंडक्टर होते. ते निवृत्त झाले आणि अमेरिकेतल्या मुलाने, राहुलने, टीव्हीला जोडायचा एक गेम आणून दिला. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. एक गाव असतं, शेजारीपाजारी सगळे प्राणी, आणि आपण तिथे घर करून राहायचं. तण उपटायचं, मासे धरायचे, फळझाडं लावायची, शेजाऱ्यांची विचारपूस करायची. घड्याळ मात्र खरं. यंत्र बंद असलं तरी तिथले दिवस जातात आणि तण वाढतं. खेळ नीट न साठवता यंत्र बंद पडलं, तर पुढच्या वेळी दारातच खाकी टोपीतला बेडूक उभा राहून पडदाभर इंग्रजीतून झापतो. जन्मभर विनातिकीटवाल्यांना झापलेल्या मामांना हे फार लागायचं.

हा सगळा पोरखेळ आहे हे मामांना कळत होतं, पण म्हणून रीत सोडायची कशाला? वाटेत डुक्कर आलं की "पावणं, जरा पुढं सरकून घ्या की!" नवा शेजारी राहायला आला की त्याला पडद्यातून जयभीम.

त्या गावात घरातल्या चौघांना चार घरं होती. मामा, शकुंतलामामी, राहुल आणि पुण्यात दिलेली सुजाता. पोरं सुट्टी संपवून गेली, त्यांच्या दारात गवत माजलं. मामींचं घर मात्र बघण्यासारखं झालं. दुपारी भांडी आवरली की त्या तासभर तिथे जाऊन बसत. हॉलच्या मधोमध शेगडी, खिडकीखाली पलंग, दाराबाहेर संत्र्याची झाडं.

"काय बी म्हना बाई," त्या मला सांगायच्या, "हितं झाडलं की झाडलेलंच ऱ्हातंय. आनि च्या मागाय कोण येत न्हाय."

मामा तेव्हा रिकामा कप घेऊन मागेच उभे असत.

पुढच्या उन्हाळ्यात मामी आजारी पडल्या आणि पाऊस लागायच्या आत गेल्या.

त्यानंतर मामा रोज सकाळी टीव्ही लावून आधी मामींच्या घराभोवतीचं तण काढायला लागले. आत जाऊन एक फेरी मारत, कशाला हात लावत नसत. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. एक मेंढी काहीतरी विचारत होती आणि मामांचं इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. मी वाचलं. शकू बऱ्याच दिवसांत दिसली नाही, माझ्यावर रागावली का, असं ती विचारत होती.

"न्हाई वो," मामा मेंढीला म्हणाले. "रागवायची सवय न्हाई तिला. गावाला गेलीया."

मला त्या मेंढीचा असा संताप आला! खाली येऊन पोरांसाठी गणितं काढायला बसले, तर एक धड जमेल तर शपथ.

लाईटीच्या तक्रारी ऐकून राहुलने त्याच गेमची खिशात मावणारी आवृत्ती पाठवली. बॅटरीवर चालणारी, दोन पडद्यांची डबी. झालं! चहाच्या गाड्यावर मामांना एकच विषय पुरला. टीव्हीवरचं मोठं गाव बरं, की खिशातलं?

"मोठ्या गावात शेजारी तोंडावर म्हनतोय, चल, चालता हो. आपला कोल्हापूरचा मानूस हाय त्यो. खिशातल्या गावात जो त्यो गोड बोलतोय, पन च्या कोण इचारत न्हाय. पुण्यागत."

"आनि मामा, वरच्या पडद्यावर काय दावतंय?" चहावाला मुद्दाम डिवचायचा.

"आभाळ! आभाळ बघाय डबी कशाला पायजे रं? मान वर कर की. चालाय लागलं तर जमीन रूळ फिरल्यागत फिरतीया. आनि चारी मानसं एकाच घरात कोंबल्यात."

एकदा न राहवून मी म्हटलं, "पण मामा, लाईट गेली तरी खिशातलं गाव चालू राहतं. तेवढं तरी बघा."

मामांनी हातातला कप गाड्यावर ठेवला. मग म्हणाले, "तितं हिचं घर न्हाय."

लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांनी टीव्हीशेजारीच चिकटवलं होतं आणि वेळ व्हायच्या बरंच आधी ते यंत्र बंद करत. पण वेळापत्रक पाळेल ती आमची लाईट कसली? एके दुपारी नको त्या वेळी गेली, नेमका खेळ साठवला जात असताना. लाईट परत आली, इमारतीतल्या मोटरी सुरू झाल्या, पण वरून माफी काही ऐकू येईना. मी गेले. मामा हात जोडून उभे होते आणि पडद्यावर बेडूक नव्हता.

"काय लिवलंय वाचा की."

गाव ज्यात साठवलेलं असतं ते यंत्रातलं कार्ड खराब झालं होतं. "सगळं पुसून नवं गाव करायचं का, म्हणून विचारतंय."

"आनि जुनं?"

मी कार्ड काढलं, पुसून परत घातलं, तरी पडद्यावर तोच प्रश्न.

"साहेब कुटं गेलं?" मामा म्हणाले. "झापाय तरी यायला पायजे हुतं."

ते कार्ड घेऊन मी ओळखीच्या दोन-तीन कॉम्प्युटरवाल्यांकडे हिंडले. सगळ्यांनी मान हलवली. एका बाईने हौसेने मांडलेलं घर, आणि ते परत आणायची अक्कल कुणाकडे नाही. घरी येऊन मी रडले. माझं काय गेलं होतं त्यात? पण रडले.

मामांनी टीव्हीवर चादर टाकली. चहाच्या गाड्यावर यायचे बंद झाले. जिन्यात भेटले तर "व्हय", "न्हाय", एवढंच.

परवा भाजी द्यायला वर गेले, तर मामा खुर्चीत ती डबी घेऊन बसलेले. मला जवळ बोलावून त्यांनी दाखवलं. एकच घर, आणि त्याच्या माळ्यावर चार पलंग. चौघांची नावं मामांनी स्वतः घातली होती. या गावाचा नियम असा, की एका वेळी एकालाच उठवता येतं, बाकीचे तेवढा वेळ झोपलेले. रविवारी राहुलचा फोन आला नाही की मामा त्याला उठवतात आणि नदीवर माशांना नेतात. सुजाताला फुलं लावायला लावतात. चौथ्या पलंगावर पांघरूण तसंच होतं.

"मामींना उठवत नाही?" मी विचारलं.

"माजी पयली बस पाटंची. माज्या डब्यासाठनं तीनला उठायची ती. जल्मभर." मामांनी कडेचं बटण सरकवून डबीचा आवाज अगदी बारीक केला. "झोपू दे तिला. तुमी बी जरा हळू बोला की, बाई."