एक कप कॉफी आणि चाळीस पाहुणे

नाएफ तीन दिवसांच्या शिबिरात माणसं जपायला शिकून आला आणि दोन दिवसांत त्याच्या गोदामातल्या सगळ्यात जुन्या माणसाने राजीनामा दिला.

इर्बिद शहरातल्या त्या औषधांच्या गोदामाचा नाएफ हा व्यवस्थापक. वय तेहतीस, लग्न व्हायचं होतं आणि कामाच्या घाईत आवाज चढवायची खोड होती. शिबिरातल्या परदेशी बाईंनी सांगितलं होतं, "साहेबपण सोडा. माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा, जवळीक वाढते." नाएफने ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. बुधवारी सकाळी गोदामाच्या दारातच त्याने साठीच्या गोदामपालाला हाक दिली, "काय सुलतान, आज कसं वाटतंय?"

सारं इर्बिद ज्याला थोरल्या मुलाच्या नावावरून अबू सक्र, म्हणजे सक्रचा बाप, म्हणत आलं होतं, तो माणूस क्षणभर मागे वळून बघत राहिला. मग "बरं वाटतंय, साहेब," म्हणून खोक्यांआड गेला. मात्रा लागू पडली, असं नाएफला वाटलं.

दुपारी मात्र चुकीच्या लेबलांवरून त्याचा तोल सुटला आणि नऊ जणांसमोर तो अबू सक्रवर ओरडला. गुरुवारी टेबलावर राजीनामा होता.

नाएफ हादरला. कोणतं खोकं कुठे आहे हे संगणकापेक्षा अबू सक्रला जास्त ठाऊक, हे खरंच. पण सहा वर्षांपूर्वी नाएफ कोरी पाटी घेऊन आला, तेव्हा औषधांची नावं, ट्रकवाल्यांचे स्वभाव आणि चांगला फलाफलवाला, हे सगळं त्याला याच माणसाने शिकवलं होतं. त्याला परत आणल्याशिवाय नाएफच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

"शुक्रवारी मिठाई घेऊन जातो आणि माफी मागतो," तो हाज मुफ्लेह काकांना म्हणाला. वडील गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तेच.

काकांनी जपमाळ खाली ठेवली. "एकटा? गॅसचं सिलिंडर पोचवायला चाललायस का? मानी माणूस दुखावलाय, रीतसर जाहा, मोठ्यांचं शिष्टमंडळ, न्यायला हवी. चार जाणती माणसं पुढे, तू मागे."

चार जाणती माणसं काकांनी लगेच गोळा केली. त्यातल्या एकाच्या मेव्हण्याची बस होती. बस अठ्ठावीस जणांची. रिकाम्या जागा घेऊन माफी मागायला जाणं शोभत नाही, म्हणून ती भरली. बसमध्ये न मावलेले रुसले, म्हणून मोटारी निघाल्या. शुक्रवारी दुपारी अस्रच्या नमाजानंतर अबू सक्रच्या गल्लीत उतरले तेव्हा ते चाळीस जण होते.

गल्लीचा थरकाप उडाला. शेजारी गच्चीवरून ओरडला, "अबू सक्र! अहो, इतकी माणसं खून पडला तरच येतात!"

अबू सक्रचं तोंड पांढरं पडलं. त्याचा सक्र टॅक्सी चालवायचा. "सक्र कुठाय? कुणाला उडवलं त्याने?"

"न्हातोय तो!" आतून बायको म्हणाली. "आणि एवढ्या लोकांना मी बसवू कुठे?"

शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या. डोक्याला साबण तसाच असलेला सक्र बाहेर आला, तेव्हा बापाने त्याला आधी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. मग रिवाजाप्रमाणे कॉफीचा पहिला कप काकांना दिला. काकांनी तो न पिता पुढ्यात ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय कॉफी प्यायची नसते.

काका उभे राहिले. आयुष्यात त्यांनी शंभरेक जाहा नेल्या होत्या, पण सगळ्या लग्नाच्या. जीभ तिच्या सवयीने चालू लागली. "आम्ही मोठ्या आशेने आपल्या दारी आलोय, की आपल्या सद्गुणी कन्येचा हात..."

"हाजी," अबू सक्र चाचरत म्हणाला, "मला तिन्ही मुलगेच आहेत."

"अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो," काका जराही न अडखळता म्हणाले आणि खाली वाकून कुजबुजले, "काय मागायचं होतं रे?"

नाएफ उठला. "अबू सक्र, मी नऊ जणांसमोर तुमच्यावर ओरडलो. आज चाळीस जणांसमोर माफी मागतो. परत या."

"ओरडलात?" अबू सक्रला आठवावं लागलं. "ते लेबलांचं? अहो साहेब, तुम्ही नवे होतात तेव्हा मी तुमच्यावर त्याच्या दुप्पट ओरडलोय!"

"मग राजीनामा का दिलात?"

अबू सक्र हाताच्या नखांकडे बघत म्हणाला, "तुम्ही मला सुलतान म्हणालात. आई गेल्यापासून त्या नावाने मला फक्त पोलिसांनी आणि दवाखान्यातल्या खिडकीने हाक मारलीय. वाटलं, आता मी यादीतलं नुसतं नाव उरलो. आज ना उद्या काढणार. मग आपणच गेलेलं बरं."

नाएफला कुठे तोंड लपवू असं झालं. "अहो, जवळीक वाढवायला म्हणालो मी," तो कसाबसा म्हणाला. "शिबिरात शिकवलं होतं."

चाळीस जणांत हसू फुटलं. अबू सक्र हसला नाही. तो उठला, काकांसमोरचा कप त्याने उचलला आणि चाळीस पाहुण्यांदेखत नाएफच्या हातात दिला. इतकी वर्षं ज्याला तो अहो-जाहो करत आला होता, त्याला म्हणाला, "घे, पी, अबू खलफ. रविवारी गोदाम उघडलं की येतो."

खलफ हे नाएफच्या वारलेल्या वडिलांचं नाव. मुलगा झालाच तर त्याला हेच नाव ठेवायचं, हे नाएफने एकदाच, पहिल्या वर्षी, ट्रकची वाट बघताना अबू सक्रला सांगितलं होतं. स्वतः नाएफही ते विसरला होता.

त्याचे डोळे भरून आले. कॉफी गार आणि कडू होती. त्याने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि कप पुन्हा पुढे केला.