भाडेकरू असल्याचा दाखला

सुभाष पाटणे यांच्या गृहकर्जाची फाइल बँकेत अडली, ती त्यांच्या मालकीचं घर आहे म्हणून. अडचण एवढीच होती, की त्यांच्या मालकीचं घर नव्हतं.

पूनम सागरमधला त्यांचा फ्लॅट मस्कतला गेलेल्या चुलतभावाचा. आडनाव एकच, त्यामुळे सात वर्षांत बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं नाही आणि पाटण्यांनीही सांगितलं नाही. आता शांती नगरमध्ये त्यांनी वन रूम किचन बुक केलं होतं. शनिवारपर्यंत कर्जमंजुरीचं पत्र दाखवलं नाही, तर बिल्डर ते दुसऱ्याला देणार होता. अर्जात पाटण्यांनी खरं तेच लिहिलं : राहतं घर भाड्याचं. पण बँकेचा माणूस चौकशीला आला तेव्हा घराला कुलूप होतं. त्याने शेजारच्या हंसाबेनना विचारलं.

हंसाबेनना तो पाटण्यांचा अपमान वाटला. "भाडे का? खुद का फ्लॅट है. सुभाषभाई तो सोसायटी के सेक्रेटरी हैं."

सेक्रेटरी असल्याचं मात्र खरं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या मीटिंगला पाटणे उशिरा पोचले, तोवर त्यांची बिनविरोध निवड झालेली होती. काम त्यांनी मन लावून केलं. भाडेकरूंनी मीटिंगमध्ये बसू नये, ही जिन्याखालची नोटीस त्यांच्याच सहीची.

चुलतभावाशी करार तोंडी. म्हणून बँकेतल्या निशिगंधा मॅडमनी पाटणे भाडेकरू असल्याचं सोसायटीचं लेटर मागितलं. पाटण्यांनी ते त्याच संध्याकाळी टाईप केलं, सही-शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. मॅडमनी अर्जावरची सही पाहिली, लेटरवरची पाहिली.

"सर, तुम्ही भाडेकरू आहात असं तुम्हीच लिहून देताय?"

"सेक्रेटरी म्हणून."

"भाडेकरू सेक्रेटरी होऊ शकतो?"

नियम पाटण्यांना तोंडपाठ होता. "नाही."

"मग ही सही कोणाची?"

चेअरमनची सही आणा, असं सांगून मॅडमनी फाइल मिटली.

शुक्रवारी संध्याकाळी पाटणे तिसऱ्या मजल्यावर चेअरमन महिपतरावांकडे गेले. एका हातात लेटर, दुसऱ्या हातात राजीनामा. बायकोने, उर्मिलाने, जाताना बजावलं होतं, की ते काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही.

महिपतरावांनी लेटर दोनदा वाचलं. उठून बाहेरचं दार लावलं. मग येऊन सही केली.

"आधी बोलायचंत ना," ते म्हणाले.

"भीती वाटली."

"हं. आता एक करा. हेच लेटर परत काढा, फक्त नाव माझं टाका."

"तुमचं?"

"मेव्हण्याच्या घरात अकरा वर्षं काढतोय. मी पण लोन टाकतोय. सेक्रेटरीची सही चालेल ना?"

पाटण्यांनी महिपतरावांच्या सहीकडे पाहिलं. शाई अजून ओली होती. त्यांनी राजीनाम्याची घडी करून खिशात ठेवली.

"चालेल," ते म्हणाले. "फक्त बँक दुसरी बघा."