हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये

आमच्या दहिवलीत एक वस्तुसंग्रहालय आहे आणि तिथे वस्तूला हात लावला नाही तर शिट्टी वाजते. खरीखुरी, पोलिसाकडे असते तसली. तुम्ही आपले शहाण्यासारखे हात मागे बांधून लाकडी बैलगाडी बघत असता, आणि दाराशी स्टुलावर बसलेले जगूभाऊ कानाचे पडदे फाटतील अशी शिट्टी मारतात. "ओ पाव्हणं, हात हायेत ना? मंग?" मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पोरांना दचकवलं. पण पहिल्यांदा इथे आले तेव्हा माझाच चष्मा खाली पडला.

जगन्नाथ मोरे हे माझे शेजारी. मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात ते पहारेकरी होते. तीस वर्षं काम एकच, कुणी हात लावला की शिट्टी. "बाई, जलमभर नाय नाय म्हनलो. तोंड वाकडं झालं बगा." निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या आणि हा उलटा कारभार मांडला. बायको आधीच गेलेली, एकुलती एक लेक वंदना लग्न होऊन नाशिकला, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं. मी अडवून पाहिलं. त्यांनी मलाच पाट्या लिहायला बसवलं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खुपायची. सगळा तालुका हे संग्रहालय बघून गेला, पण वंदनाने त्या दोन खोल्यांत कधी पाऊल ठेवलं नाही. वर्षातून दोनदा माहेरी यायची, पण मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात, आणि तशीच परत. ती यायच्या आदल्या दिवशी भाऊ खोल्या झाडूनपुसून लख्ख करायचे, आणि ती गेली की दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

संग्रह म्हणाल तर भोवरे, विटीदांडू, लगोरी, सागरगोटे, भातुकली, दळायचं जातं. सगळं वापरून बघायचं. मोडलं तर शिक्षा नाही, उलट मान. मोडणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. ही मीच लिहिलेली एक पाटी: "भोवरा, शिसवी. आर मोडली, भिसेगावचा रोहन, इयत्ता चौथी. झकास मोडली." शेवटचे दोन शब्द गाळूया म्हटलं, तर भाऊ ऐकेनात. "मोडली म्हंजे पोरगं खेळलं. जी मोडली नाय ती बिचारी नुसती बसून ऱ्हायली." मग काय, पाटीवर नाव लागावं म्हणून पोरं वस्तू मुद्दाम आपटायला लागली. तेव्हा कुठे नवा नियम निघाला, की मुद्दाम मोडणाऱ्याचं नाव लागणार नाही. तो कागदही पोरांनी फाडला. भाऊंनी फाडणाऱ्यांची नावं लावली.

एकदा खालापूरकडच्या एका शाळेची सहल आली. बरोबरचे गुरुजी भलतेच शिस्तीचे. ओठावर बोट, हाताची घडी, सरळ रांग. भाऊंनी शिट्टी मारली ती थेट गुरुजींवर.

"गुरुजी, आदी तुमी."

"मी फक्त देखरेखीला आहे."

"मी पन हुतो की. तीस वरसं."

पोरं फिदीफिदी हसायला लागली तसा गुरुजींचा नाइलाज झाला. अंगणात त्यांनी पहिल्या फटक्यात लगोरी फोडली, मग त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे, ती रचायला असे धावले की डाव्या चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल आज खिडकीत आहे, पाटीसकट. गुरुजी एका पायाने अनवाणी बसमध्ये चढले, पण चढताना गात होते.

मागच्या महिन्यात वंदनाचा फोन आला. शिळफाट्याला नणंदेकडे साखरपुडा आहे, रविवारी घरी डोकावते म्हणाली. भाऊ दोन दिवस भोवऱ्यांना तेल लावत बसले. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, ती या खोल्यांत का येत नाही? खरं सांगा."

त्यांनी भोवरा खाली ठेवला.

"तिसरीत हुती. तिच्या शाळंची सहल आमच्या तितंच आली. साऱ्या पोरींना सांगत आली, हे माज्या बाबांचं हाय. आन् पळत जाऊन दगडी हत्तीच्या सोंडंला हात लावला. मागं सायेब उभं. मी शिट्टी मारली, बाई." त्यांनी तेलाचा हात फडक्याला पुसला. "तेवड्यावर भागलं असतं. सायबानं इचारलं, वळखता का हिला? मी म्हनलो, नाय."

त्यांनी भोवरा पुन्हा हातात घेतला.

"नोकरी कच्ची हुती," ते म्हणाले, आणि मग स्वतःच मान हलवली. "ते बी खरं नाय. भ्यालो."

मला त्यांचा राग आला आणि लगेच रडूही आलं. घरी येऊन मी ठरवलं की आता आगाऊपणा करायचाच. रविवारी सकाळी भाऊंच्या मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि वर माझ्या सायकलचं कुलूप अडकवलं.

वंदना आली, मागून फिरून वैतागत पुढच्या दाराशी आली. साखरपुड्याची जरीची साडी, हाताची घडी. भाऊ स्टुलावरून उठले. ती या खोलीतून त्या खोलीत गेली. माझ्या पाट्या वाचल्या. चपलेपाशी तिला हसू आलं. मग जरीची साडी सावरत ती खाली फरशीवर बसली आणि सागरगोटे हातात घेतले. पहिला वर उडवला तो चुकला. दुसरा बरोबर झेलला.

तेवढ्यात दूधवाला बबन आला. त्याने वंदनाला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलं. भाऊ त्याच्याकडे गेले.

"बबन, ही माजी पोरगी."

"ठावं हाय की भाऊ."

मग समोरच्या काकूंना बोलावून सांगितलं. फार्महाऊसचा रस्ता विचारायला गाडी थांबवणाऱ्या मुंबईच्या जोडप्याला आत आणून सांगितलं. रस्ता सांगायचा राहूनच गेला.

वंदनाने सागरगोटे थांबवले नाहीत. मानही वर केली नाही. पण तिचं नाक लाल झालेलं मी पाहिलं.

"बाबा, पुरे. सगळ्यांना माहितीये मी कोण ते."

"आसू दे," भाऊ म्हणाले. "मला सांगू दे."