मथूबाईंच्या जात्यातलं सोनं

एका जंगलात सगळ्यांना पोटापुरतं मिळत होतं, आणि त्यामुळे मोठी पंचाईत झाली होती. पोट भरल्यावर करायचं काय, हेच कोणाला कळेना. तेव्हा वनराजांनी फर्मान काढलं, की प्रत्येक प्राण्याने एक छंद लावून घ्यावा. बिनछंदाचा प्राणी दिसला, तर महाराज त्याला खातील. महाराजांचा स्वतःचा छंद तोच होता.

मुलांनो, जंगलात एकदम केवढी हौस पसरली म्हणून सांगू! माकडं गाणं शिकू लागली. पाणकोंबडी विणकाम करू लागली. आणि आबाजी साळिंदरांनी खाणकाम धरलं.

आबाजी तसे जन्मभर खणतच आले होते. पण आजवर ते कंदमुळांसाठी खणत, म्हणून ते काम होतं. आता ते उगाच खणू लागले, म्हणून तो छंद झाला.

एके दिवशी ओढ्याकाठी त्यांना एक पांढरा दगड सापडला. उन्हात धरला तर त्यात काहीतरी लुकलुकलं. आबाजींच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. ते धावत विसोबा घोरपडीकडे गेले.

विसोबाही हौशी खाणवालेच. त्या दोघांचं एक मंडळ होतं. आबाजी अध्यक्ष आणि विसोबा कार्याध्यक्ष. सभासदांची भरती अजून व्हायची होती.

विसोबांनी दगड चाटून पाहिला. ते प्रत्येक गोष्ट चाटूनच पाहत.

"सोनं आहे," ते म्हणाले. "पण दगडाच्या पोटात आहे. दगडाचं पीठ करायचं, पीठ परातीत पाण्याने खळबळायचं. सोनं जड, ते तळाशी बसतं. बाकीचं वाहून जातं."

"पीठ कशाने करायचं?"

"खऱ्या खाणींवर लोखंडी यंत्रं असतात. आपण हौशी माणसं. आपल्याला स्वस्तातला मार्ग शोधला पाहिजे."

ते माणसं नव्हते, पण हौस चढली की असं बोललं जातं.

पहिला स्वस्त मार्ग आबाजींच्या स्वयंपाकघरातच होता. त्यांच्या बायकोचा, मथूबाईंचा खलबत्ता. आबाजींनी दगड खलात टाकला आणि दणका दिला. दगड उडाला, तो विसोबांच्या नाकावर बसला. दुसऱ्या दणक्याला खल तडकला. दगडाला काही झालं नाही.

"अहो, माझ्या वेलदोड्याचं काय आता?" मथूबाईंनी विचारलं.

"हा छंद आहे," आबाजी म्हणाले. "छंद नसेल तर महाराज खातात."

"मग खाऊ देत की एकदाचे," असं मथूबाई म्हणाल्या, पण चुलीकडे तोंड करून.

दुसरा मार्ग हत्तीचा. ऊस दिला की हत्ती कशावरही पाय देतो. आबाजींनी दगड जमिनीवर ठेवला, हत्तीने ऊस खाल्ला आणि पाय दिला. पाय उचलल्यावर पाहतात तो दगड नाही. तो जमिनीत गेला होता. अध्यक्ष आणि कार्याध्यक्षांनी तो पुन्हा खणून काढला, आणि मंडळाच्या दृष्टीने ही दुसरी खाण झाली.

तिसरा मार्ग पिंपाचा. एका गंजक्या पिंपात दगड घातला, सोबत ओढ्यातले गोल गोटे घातले, आणि पिंप टेकडीवरून सोडून दिलं. विसोबांचं म्हणणं असं, की गडगडताना गोटे दगडाला कुटतील. कुटलं असेलही. पण पिंप जे निघालं ते थेट माकडांच्या गाण्याच्या बैठकीत शिरलं. ऐकणाऱ्यांना वाटलं तबल्याची साथ आली. फार दाद मिळाली. दगडाचे मात्र दोनच तुकडे झाले.

आबाजी खचले. ते दारात बसून राहिले. लुकलुकणारा तुकडा हातात धरून ते त्याच्याकडे असे पाहत, जसं त्यांनी मथूबाईंकडे लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग विसोबा नवी युक्ती घेऊन आले. "दगड चुलीत लालभडक तापवायचा आणि गार पाण्यात टाकायचा. तो आपोआप ठिसूळ होतो. मग तो साध्या जात्यावरही दळता येतो. आणि दळताना थोडं पाणी घालायचं, म्हणजे धूळ नाकात जात नाही."

साधं जातं आबाजींच्या घरात एकच होतं. मथूबाईंना ते आईने दिलेलं. त्याला त्या पाय लागू देत नसत. पण त्या दिवशी त्या माहेरी गेल्या होत्या.

आबाजींनी चूल पेटवली. दगड तापला, पाण्यात टाकल्यावर चर्र झाला, आणि खरोखरच खडीसाखरेसारखा भुगा पडला. दोघं जात्याला बसले. घरघर सुरू झाली. राखाडी लगदा बाहेर येऊ लागला आणि तो चमचम चमचम चमकत होता! आबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लगदा गोळा करीतच होते, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"अहो, ऐकलंत का? व्यंकोजी उद्या आपल्या बकुळेला बघायला येतायत!"

मथूबाई परतल्या होत्या. विसोबा लगद्याची परात घेऊन मागच्या दाराने पसार झाले. आबाजींनी जातं शेपटीने झटकलं. साळिंदराच्या शेपटीने किती स्वच्छ होणार, याची मुलांनो तुम्हीच कल्पना करा.

व्यंकोजी साळिंदर पलीकडच्या डोंगरावरचे. घराणं मोठं, बीळ त्याहून मोठं. बकुळेला त्यांचा मुलगा सर्जेराव मनातून आवडत होता. पण व्यंकोजींचं नाक फार वर. याआधी त्यांनी एक मुलगी केवळ तिच्या बिळाचं दार पश्चिमेला आहे म्हणून नाकारली होती.

मथूबाईंनी सकाळी उठून चण्याची डाळ दळली आणि बेसनाचे लाडू वळले. त्याच जात्यावर. आबाजींनी ताटात लाडू पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लाडू चमकत होते. पण तोवर पाहुणे पाटावर बसले होते.

व्यंकोजींनी लाडू तोंडात घातला. कर्रर्र असा आवाज झाला.

आत ओट्यापाशी उभ्या बकुळेने पदर घट्ट धरला.

व्यंकोजींनी उरलेला लाडू डोळ्यांजवळ नेला. "आबाजी, यात हे काय चमकतंय?"

आबाजी मुळात सरळ मनाचे. शिवाय घाबरले की त्यांना खोटं सुचत नसे.

"सोनं आहे," ते पुटपुटले. "म्हणजे... हौस म्हणून दळतो आम्ही घरी."

व्यंकोजींचा चेहरा पालटला. सोनं! लाडवात! तेही हौस म्हणून! त्यांनी तो घास अतिशय आदराने चावला. कर्रर्र. "वा," ते म्हणाले, "खुसखुशीत आहेत." मग सगळे पाहुणे चावू लागले. बिळात गिरणी चालल्यासारखा आवाज घुमला, पण एकानेही तक्रार केली नाही.

सर्जेरावाचा पुढचा दात पडला. त्याने तो हळूच हातात घेतला, पाठीवरच्या काट्यांत लपवला आणि बकुळेकडे पाहून तोंड मिटून हसला. बकुळेला तो तेव्हा कायमचा आवडला.

"मुलगी पसंत आहे," व्यंकोजी उठताना म्हणाले. "आणि विहीणबाई, राहिलेले लाडू बांधून द्या. घरी वडीलधारी आहेत."

घरी गेल्यावर त्यांनी वडीलधाऱ्यांना काही दिलं नाही. दार लावून लाडू पुन्हा दळले आणि परातीत पाण्याने खळबळले. चमचम सगळी पाण्यावर तरंगून वाहून गेली. ते अभ्रक होतं. व्यंकोजी परातीकडे बघत बसले. पण वाटेत येताना त्यांनी अख्ख्या डोंगराला सांगून ठेवलं होतं, की आमचे व्याही सोन्याचे लाडू वाढतात. आता काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की करंज्याही सोन्याच्या होत्या.

झालं! ज्याच्या त्याच्या घरी लाडवात दगड पडू लागला. बिनखड्याचा लाडू वाढणाऱ्याला लोक कंजूष म्हणू लागले. सुतारपक्षी झाडं सोडून दात बसवू लागला. त्याच्याकडे रांगा लागल्या, आणि महाराज स्वतः त्या रांगेत उभे होते. पुढे कित्येक दिवस त्यांना छंद जोपासता आला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी विसोबा धापा टाकत आले. त्यांनी तो लगदा चिकाटीने धुतला होता. सगळी चमचम वाहून गेल्यावर परातीच्या तळाशी एक कण उरला होता. मंद, पिवळा, जड.

"आबाजी, हे खरं सोनं," विसोबा कुजबुजले. "चाटून पाहिलंय."

एवढ्या कुटण्या-दळण्याचं फळ हे! त्यांनी तो कण पळसाच्या पानावर ठेवला आणि मांडवात जाऊन व्यंकोजींपुढे धरला. "व्याही, हे मुलीच्या मंगळसूत्रात घालू म्हणतो. आमच्या खाणीतलं आहे."

व्यंकोजींनी कण निरखला. मागून वऱ्हाडी डोकावले.

"याला चमक कुठाय?" व्यंकोजी नाक मुरडून म्हणाले. "आबाजी, ऐन लग्नात असा हलका माल काढू नका. चारचौघांत आमची शोभा होईल. त्या दिवशी लाडवात होतं, ते आणा."

आबाजींनी मथूबाईंकडे पाहिलं. मथूबाईंना सगळं ठाऊक होतं. जात्याच्या खाचांतले खडे त्यांनीच काडीने काढले होते, आणि त्यावरून आबाजींना अबोलाही भोगावा लागला होता. त्यांनी एकदा बकुळेकडे पाहिलं, एकदा वऱ्हाडाकडे पाहिलं. मग पानावर फुंकर मारली. कण मांडवाच्या मातीत कुठेतरी पडला.

"बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "चूल पेटवा. दगड तापवा. पंगत बसायला आली."

आबाजी आणि विसोबा जात्याला बसले. लग्न थाटात पार पडलं. बकुळा सुखात आहे. सर्जेराव दातांअभावी तांदळाची कण्हेरी पितो, पण आनंदाने पितो.

तात्पर्य : मुलांनो, दगड दळून सोनं निघतं, पण त्याला चिकाटी लागते आणि शेवटी कोणी ते ओळखत नाही. दगड दळून तसाच वाढणं सगळ्यात स्वस्त पडतं. फक्त पाहुणे खानदानी हवेत, म्हणजे ते दात पडला तरी बोलत नाहीत.