नऊ दाबा, सासूबाई लिफ्टमध्ये आहेत

दुपारी जेवण झालं की लिफ्ट कंपनीच्या तक्रार-साहेबांना डुलकी लागायची, आणि नेमका तेव्हाच फोन वाजायचा. लोकांना अडकायला दुसरी वेळ सापडत नाही की काय? शेवटी साहेब भडकले आणि त्यांनी ऑफिसात तो ‘एक दाबा, दोन दाबा’वाला मेनू बसवून घेतला. आवाजही स्वतःचाच दिला. (शाळेत वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ बक्षीस होतं, ते कधीतरी वसूल व्हायला नको?) नऊ दाबलं की कॉल थेट साहेबांच्या मोबाईलवर येणार होता; पण तिथवर पोचायला ग्राहकाला सात जन्म लागतील, याची चोख व्यवस्था होती.

मग एका रविवारी त्यांच्या सासूबाई, भाजीच्या पिशवीसकट, त्यांच्याच इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या.

“अहो, आईला श्वास लागतोय! तुमचीच कंपनी ना? करा फोन!” जिन्यात लिफ्टच्या दारापाशी उभी बायको कडाडली.

साहेबांनी मेकॅनिकला फोन लावला.

“तक्रार नंबर सांगा, साहेब.”

“अरे, मी बोलतोय, मी!”

“म्हणूनच विचारतोय. ‘नंबराशिवाय जागचा हललास तर घरी बसवीन,’ असा दम तुम्हीच दिलाय.”

नंबर हवा तर मेनू आला. साहेबांनी दात-ओठ खात कंपनीचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

“नमस्कार! आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. नवी लिफ्ट घ्यायची असल्यास एक दाबा. आमच्या सेवेचं कौतुक करायचं असल्यास दोन दाबा...”

“कोण हा मेला गोडबोल्या?” लिफ्टमधून सासूबाई ओरडल्या.

“आई, हा ह्यांचाच आवाज आहे!” बायकोने कपाळाला हात लावला.

“कोणी अडकलं असल्यास,” मोबाईल मधाळपणे म्हणाला, “घाबरू नका. बासरी ऐका.”

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “गाढवा, बासरी कसली ऐकवतोस? माणूस दे, माणूस!”

“आपण चुकीचा पर्याय निवडला आहे,” गाढव शांतपणे म्हणालं आणि पुन्हा “नमस्कार!” पासून सुरू झालं.

साहेबांनी नऊ दाबलं. दाबलं कसलं, अंगठ्याने ठेचलं.

“क्षमस्व. आमचे तक्रार अधिकारी सध्या दुसऱ्या कॉलवर आहेत.”

“खोटं! साफ खोटं!” साहेब जिना दणाणून सोडत किंचाळले. “झोपला असेल लेकाचा!”

लिफ्टच्या फटीतून सासूबाईंचा आवाज आला. “नाही हो जावईबापू, आज कधी नव्हे ते जागे आहेत.”